यादी पेटाऱ्यात, पेटाऱ्याला कुलूप

विजयदुर्गच्या आमच्या घरी माळ्यावर एक फणसाच्या लाकडाचा पेटारा आहे. आजोबांनी त्यात जमिनीचे कागद ठेवले होते. काही मोडीतले, काही बाळबोध, फडक्यात बांधलेली चौदा-पंधरा दप्तरं. कुठल्या दप्तरात कुठल्या ठिकाणाचे कागद, याची यादीही त्यांनी सुवाच्य अक्षरात करून ठेवली होती. ते गेल्यावर एका फेरफारासाठी त्यातला एक कागद लागला. यादी कुठे आहे म्हणून विचारलं, तर काकी म्हणाली, "पेटाऱ्यातच आसा. आनि चावी खंय ठेवल्यानी ता तेंकाच म्हाईत." शेवटी सुताराला बोलावून कोयंडा उचकटला.

मी बावीस वर्षं मुंबईत यूनिक्स सर्व्हरांचे बॅकअप सांभाळले. लोक विचारतात, म्हणजे नक्की काय करायचास? तेव्हा मी हा पेटारा सांगतो. कारण या धंद्यातली सगळ्यात वाईट रात्र हीच असते: माल शाबूत आहे, यादी मालाच्या आत आहे, आणि यादीशिवाय माल उघडत नाही.

बँक असो, इस्पितळ असो, कारखाना असो, दिवसभराचा डेटा रात्री टेपवर उतरवतात. टेप म्हटल्यावर अनेकांना गाण्याची कॅसेट आठवते आणि हसू येतं. पण २०११ च्या फेब्रुवारीत एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या चुकीमुळे जीमेलच्या काही खातेदारांची पत्रं गायब झाली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. डिस्कवरच्या सगळ्या प्रतींना एकाच चुकीचा फटका बसला होता. कपाटातल्या टेपला तो बसला नाही, कारण ती कशालाच जोडलेली नव्हती.

ही टेप हातात घेतली तर तळहाताएवढी चौकोनी डबी. आमच्याकडे एलटीओ या प्रकारातली, चौथ्या पिढीची असे. आत ८२० मीटर लांब आणि साडेबारा मिलिमीटरच्या आसपास रुंद फीत, आणि तिच्यावर ८९६ समांतर पट्ट्या. ड्राइव्ह एका वेळी १६ पट्ट्या लिहितो, टोकाला पोचला की उलटा फिरतो आणि शेजारच्या १६ धरतो. अशा ५६ फेऱ्या झाल्या की टेप भरते. म्हणजे वाचणाऱ्या डोक्याखालून एकूण पंचेचाळीसेक किलोमीटर फीत सरकते. विजयदुर्गहून निघून तरळ्याला हमरस्ता लागेपर्यंतच्या अंतरापेक्षा थोडी कमी. ८०० गीगाबाइट माल, सेकंदाला १२० मेगाबाइट वेग, तर एक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला जवळजवळ दोन तास. कपाटात अशा ४०० टेपा असल्या आणि तुमची एक फाइल कुठल्या टेपवर आहे तेच ठाऊक नसलं, तर एका ड्राइव्हवर दिवसरात्र वाचत बसायचं, महिनाभर.

डबीवर बाहेरून काहीच लिहिलेलं नसतं. बारकोडची एक चिठ्ठी, सहा अक्षरं आणि शेवटी एल-चार. ती टेप कुठल्या रात्रीची, कुठल्या सर्व्हरची, हे सांगणारी वही वेगळी असते. तिला कॅटलॉग म्हणतात, आणि ती स्वतःच एक मोठा डेटाबेस असते. अमुक सर्व्हरची अमुक फाइल, अमुक तारखेची, अमुक टेपवर, सुरुवातीपासून इतक्याव्या खुणेनंतर. वही असली की ड्राइव्ह सरळ त्या जागी पळतो आणि दीड-दोन मिनिटांत फाइल हातात येते.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. कागद सगळे तिथेच होते, पण कुठल्या रुमालात काय हे कळल्याशिवाय अभ्यासकाला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. गोविंद सखाराम सरदेसाईंनी माणसं हाताशी घेऊन ते रुमाल सोडवले आणि निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सगळ्या टेपा वाचून कॅटलॉग पुन्हा बांधला. त्याला वर्षं लागली, आणि तरीही ते निवडकच.

आता थोडं यूनिक्सबद्दल. यूनिक्समध्ये सगळ्या वस्तू फाइल असल्यासारख्या वागतात, टेप ड्राइव्हसुद्धा. आज कुणीही फाइली एकत्र बांधायला टार ही आज्ञा वापरतो, पण त्यातला 'ट' टेपचा आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ती आली ती टेपवर लिहिण्यासाठीच. आमच्याकडच्या सोलारिस या यूनिक्सवर पहिल्या ड्राइव्हचं नाव असे शून्य-सी-बी-एन. यातला शेवटचा 'एन' म्हणजे काम झाल्यावर टेप गुंडाळून सुरुवातीला नेऊ नको. तो एन लिहायचा विसरलात, तर प्रत्येक आज्ञेनंतर टेप मुकाट्याने पहिल्या टोकाला जाते. तुम्हाला वाटतं आपण सतराव्या खुणेवर आहोत, आणि प्रत्यक्षात असता शून्यावर. त्याच वेळी लिहायची आज्ञा दिलीत, तर खेळ खलास. एका अक्षराची ही चूक मी दोन वेळा होताना पाहिली आहे. एकदा माझ्याच हातून.

आणखी एक भानगड आहे. टेपला थांबणं परवडत नाही. समोरून डेटा संथ आला तर फीत थांबते, थोडी मागे येते, पुन्हा पळते, आणि हे होत राहिलं की ड्राइव्ह आणि फीत दोन्ही झिजतात. म्हणून चार-सहा सर्व्हरांचे प्रवाह एकत्र करून टेपवर उतरवतात. याचा तुकडा, त्याचा तुकडा, मग पुन्हा याचा. धावण्यासाठी हे उत्तम. पण कॅटलॉग गेला की ती टेप म्हणजे चार घरांचे तांदूळ एका पोत्यात. वेगळे करता येतात, पण कोण करणार आणि किती वेळात?

ही वही प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने ठेवतं. सगळ्यात प्रसिद्ध नेटबॅकअप. त्याच्या आज्ञांची नावं बीपीने का सुरू होतात आणि ते यूनिक्सवर ओपनव्ही नावाच्या फोल्डरात का बसतं, हे नव्या पोरांना कळत नाही. १९८७ मध्ये क्रायस्लर या मोटार कंपनीने कंट्रोल डेटाकडून ते लिहून घेतलं. पुढे त्याचं नाव बॅकअप प्लस झालं, म्हणून बीपी. मग ते ओपनव्हिजन कंपनीकडे गेलं, म्हणून ओपनव्ही. १९९७ मध्ये ती कंपनी व्हेरिटासने घेतली. मालक बदलत गेले, फोल्डराचं नाव तेच राहिलं. गावातला वाडा विकला जातो आणि तरीही तीन पिढ्या जुन्याच घराण्याच्या नावाने ओळखला जातो, तसं.

या व्हेरिटासचं मोठं काम पुण्यात चाले. मराठी मुलांनी नव्वदीच्या दशकापासून जगभरच्या बॅकअपचा कोड तिथे बसून लिहिला. त्यातूनच बाहेर पडलेल्या मिलिंद बोराटे आणि जसप्रीत सिंग यांनी सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये पुण्यात ड्रुवा काढली. तिने टेपला फाटा देऊन बॅकअप थेट क्लाउडवर नेला. तिथेही कॅटलॉग लागतोच, फक्त तो कुणाच्या कपाटात नसतो.

नेटबॅकअपची टेप मुळात टारच्याच वळणाची असते, त्यामुळे तिच्यावर सर्व्हरांचे प्रवाह मिसळलेले नसतील तर अगदी अडीअडचणीला साध्या टारनेही ती वाचता येते. आयबीएमच्या टीएसएममध्ये तीही सोय नाही. तिथे एकेका फाइलच्या आवृत्त्या वर्षानुवर्षं वेगवेगळ्या टेपांवर विखुरलेल्या असतात आणि त्यांची सांगड फक्त डेटाबेसमध्ये असते. तो गेला तर टेपा म्हणजे प्लास्टिकच्या डब्या.

आम्ही नेटवर्कर वापरत होतो. त्याच्या मूळ वहीच्या बॅकअपला बूटस्ट्रॅप म्हणतात. बूट चढवताना मागे जो पट्टा ओढतात तो. स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलायचं, अशी ती कल्पना. प्रत्येक रात्रीच्या शेवटी नेटवर्कर आपल्या वहीची प्रत टेपवर टाकतो. म्हणजे यादी पेटाऱ्यात. पण ज्यांनी ते लिहिलं ते शहाणे होते. प्रत टाकून झाली की तो प्रिंटरवर एक कागद काढायचा: तारीख, बूटस्ट्रॅपचा क्रमांक, टेपचं नाव, टेपवरची जागा. एवढं मोठं सॉफ्टवेअर, आणि त्याचा जीव एका छापील ओळीत. पेटाऱ्याची चावी बाहेर खुंटीला टांगलेली.

२००९ च्या गणपतीत मी घरी होतो. विसर्जन करून आलो, तर फोनवर अकरा मिस्ड कॉल. मुंबईत बॅकअप सर्व्हरची डिस्क गेली होती. नुसती गेली नव्हती, तिची जोडीदार डिस्कही आठवड्यापूर्वीच मेली होती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमचा पोरगा, कामाला लागून सहा महिने झालेला, एकटा होता. घरात रेंज येईना, म्हणून छत्री घेऊन किल्ल्यात गेलो. साहेबाच्या कट्ट्यांपाशी दोन कांड्या दिसायच्या.

"सर, नवीन डिस्कवर सोलारिस टाकलंय. आता काय?"

"आधी सगळ्या टेपांची कळ सरकव."

एलटीओच्या डबीच्या कोपऱ्यात एक छोटी सरकती कळ असते. ती सरकवली की त्या टेपवर लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. माझ्या मते या धंद्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि नव्याने शिकवताना ती सगळ्यात शेवटी सांगतात. सर्व्हर कोरा आहे. त्याच्या दृष्टीने ड्राइव्हमधली प्रत्येक टेपही कोरी. एखादं आपोआप चालणारं काम जागं झालं आणि त्याने टेपवर नवं नाव घातलं, तर जे वाचवायला बसलोय तेच पुसलं जाईल.

"बूटस्ट्रॅपचा कागद?"

बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. ई-मेलवर जाणारी प्रत नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात होती. छापील कागदांची फाइल होती, पण तिच्यात मार्चनंतर काही लावलेलं नव्हतं. प्रिंटर मात्र इमानदारीने रोज एक कागद बाहेर टाकत होता. ते गेले कुठे? अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. चहावाल्या पोराने ते नेले होते. एक बाजू कोरी, पाठकोरा कागद हिशोबाला बरा. एक कागद मिळाला, अकरा दिवसांपूर्वीचा. मागे कटिंग आणि बिस्किटांचा हिशोब, पुढे बूटस्ट्रॅपचा क्रमांक.

अकरा दिवस जुनी यादी लावली तर काय बिघडलं? इथेच मेख आहे. जुन्या वहीत अकरा दिवसांपूर्वीची टेप जिथे संपली तिथे तिचा शेवट लिहिलेला. त्यानंतरही त्याच टेपवर रोज भर पडत गेली, पण वहीला ते माहीत नाही. उद्या बॅकअप सुरू झाला की सर्व्हर म्हणणार, यापुढची टेप रिकामी आहे, आणि मधल्या दिवसांवर खुशाल लिहीत जाणार. जुना सातबारा दाखवून आधीच विकलेली जमीन पुन्हा विकण्यासारखं. कोकणात हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून त्या कागदावरून शेवटच्या टेपांचा अंदाज घ्यायचा आणि त्या एकेक करून स्कॅनरने वाचायच्या. स्कॅनर ही नेटवर्करची एक आज्ञा आहे. तिला मोठा बी जोडला की ती टेपभर फिरून त्या टेपवरचा सगळ्यात ताजा बूटस्ट्रॅप शोधते.

"ड्राइव्हचं नाव नीट लिही. शून्य, सी फॉर कॅट, बी फॉर बॉय, एन फॉर नाशिक. नाशिक विसरू नको."

"नाशिक लिहिलं सर."

मग थांबणं. एकेका टेपला तासच्या तास. पाऊस उघडला होता, वाघोटनच्या खाडीत भरती चढत होती, आणि मी कट्ट्यावर बसून होतो. या कट्ट्यांवरून १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध लागला, असं गावात सगळे सांगतात, लॉकियरसाहेबाचं नाव घेऊन. ग्रहण खरंच इथून दिसलं. पण त्या दिवशी गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता तो फ्रान्सचा जान्सेन. लॉकियरने हेलियमची खूण असलेली पिवळी रेघ पाहिली २० ऑक्टोबरला, इंग्लंडात, ग्रहणाशिवाय. बारकोडची चिठ्ठी एका गोष्टीची आणि आतला माल दुसऱ्याच गोष्टीचा, हे मी रोजच्या कामात इतकं पाहिलंय की मला त्याचा राग येत नाही. कट्टे आवडतातच. फक्त यादीत दुरुस्ती हवी.

तिथेच बसून एक हिशोबही केला. यूनिक्स वेळ मोजतं ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. नेटबॅकअपमध्ये तर प्रत्येक बॅकअपचं नावच सर्व्हरचं नाव आणि पुढे हे सेकंद, असं असतं. त्या ग्रहणाचा दिवस यूनिक्सच्या वहीत कुठे पडेल? उणे ३१९ कोटी ८९ लाख ६० हजार सेकंदांच्या आसपास. पण जुन्या यूनिक्सचा आकडा उणे २१४ कोटींच्या थोडं पुढे जाऊनच संपतो, म्हणजे डिसेंबर १९०१ ला. त्याआधी त्याच्या लेखी जग नव्हतंच. दुसऱ्या टोकाला तो १९ जानेवारी २०३८ ला संपतो. नेटबॅकअपच्या जुन्या आवृत्त्यांत "कायमचं जपा" असं सांगितलेल्या बॅकअपची मुदतही बरोबर त्याच दिवशी संपायची. अनंतकाळ म्हणजे २०३८.

समोर बंदर दिसत होतं. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह तुळाजी आंग्र्यांवर चालून आले ते इथेच. इंग्रजांचा एक तोफगोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडला, ते पेटलं, आणि त्याच्यावरून सगळं आरमार पेटलं. ते पहिलं पेटलेलं जहाज तुळाजींनी आधी इंग्रजांकडूनच पकडून आणलं होतं. त्याचं नाव होतं रिस्टोरेशन. आमच्या धंद्यात रात्री दोनला ऐकायचा शब्द तोच. त्या रात्री मला ते फारसं शुभ वाटलं नाही.

तिसऱ्या टेपवर बूटस्ट्रॅप सापडला, आदल्याच रात्रीचा. पुढचं काम ठरलेलं. एमएमरिकव्ह ही आज्ञा द्यायची, मग ती विचारायची: बूटस्ट्रॅपचा क्रमांक, टेपवरची कितवी फाइल, कितवा रेकॉर्ड. ते मी फोनवर एकेक आकडा दोनदा म्हणून घेतलं. टेपांची नोंदवही परत आली. सेटिंगचं फोल्डर ती थेट बदलत नाही, शेजारी रेस-टिंब-आर नावाने ठेवते. सर्व्हर बंद करून जुनं बाजूला सारायचं, नव्याला मूळ नाव द्यायचं आणि पुन्हा सुरू करायचं. इथे अनेकजण सर्व्हर बंद करायला विसरतात आणि मग तासभर चाचपडत बसतात. मग एनएसआरसीके, पातळी सात. ही प्रत्येक सर्व्हरची फाइलवार यादी टेपवरून परत आणते. ही सगळ्यात मोठी, तिला सकाळ झाली.

सकाळी त्याने एक फाइल परत आणून दाखवली. हिशोब खात्यातल्या एका बाईंची, मागच्या महिन्याची पगारपत्रकं. उघडली, बेरीज जुळली. मगच मी टेपांच्या कळा परत सरकवायला सांगितलं, आणि किल्ल्यातून घरी येऊन शिळे मोदक खाल्ले.

तो पाठकोरा कागद आम्ही नंतर प्लास्टिकच्या खोळीत घालून फाइलला लावला. चहावाल्या पोराने तो सुखासुखी दिला नाही. आधी झेरॉक्स काढून मागितली. त्याच्यावर एका साहेबांकडून ४६ रुपये येणे होते.